मंत्रिमहोदय, बाहेर बाकावर बसलेल्या माणसालाही एकदा विचारा

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, स. न. वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत रीतसर टपालाने तुमच्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत पुन्हा लिहितोय ते आमच्या माणसांसाठी. इंदूरचा मराठी माणूस बाजारात हिंदी बोलतो, मुलांशी निम्मं-निम्मं बोलतो, पण दुखणं मात्र मराठीतच लपवतो. विषय पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचा आहे, आणि म्हणून लघवीचा. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हा शब्द उघडपणे तोंडात यायला आमच्या घरात चार वर्षं लागली.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा. आधी कापड गिरणीत हिशेबनीस होता, गिरणी बंद पडल्यावर एका दुकानात जमाखर्च लिहीत राहिला. साठी उलटली तशा त्याच्या काही सवयी बदलल्या. नाटकाला गेलो की तो रांगेतली कडेची खुर्ची धरायचा, दाराजवळची. उज्जैनला बसने जायचं असलं की सकाळपासून चहा बंद. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवरा-नवरीच्या आधी त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचं असायचं. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

रात्री चार-पाच वेळा उठायचा. चपला पलंगाखाली अशा लावलेल्या की अंधारात पाय नेमके आत जावेत, आणि बाथरूममधला छोटा दिवा रात्रभर चालू. वहिनी पडल्या पडल्या ऐकत असायची. आधी चपला, मग कडी, मग बराच वेळ काहीच नाही, मग पाणी. "ते मधलं काहीच नाही वाढत चाललंय," असं तिने एकदा माझ्या बायकोला सांगितलं. मला कसं सांगणार, मी दीर. बायकोने मला सांगितलं आणि मी म्हणालो, वय झालं त्याचं. महोदय, या पत्रात तक्रारीचा सूर लागला तर पहिली तक्रार माझीच माझ्यावर आहे हे लक्षात असू द्या.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात महिलांसाठी तपासणी शिबिर लागलं. वहिनी गेली, दादा सोबत. आत तिचं वजन झालं, रक्तदाब झाला, साखर झाली, स्तनांची तपासणी झाली, घरी स्वतः कसं तपासायचं ते एका सिस्टरने नीट समजावून दिलं. दादा बाहेर बाकावर, मांडीवर वहिनीची पर्स. जवळजवळ दोन तास. त्या दोन तासांत तो तीनदा उठून मागच्या बाजूला जाऊन आला. शेजारी आणखी सात-आठ नवरे तसेच पर्सा सांभाळत बसलेले. आतबाहेर करणारे सगळे त्यांच्यासमोरूनच जात होते. कोणी विचारलं नाही, की काका, सारखे उठताय, त्रास आहे का? विचारायचं त्यांचं कामच नव्हतं. शिबिर महिलांचं होतं, आणि ते उत्तम होतं. बाईचं काही काढून घेऊन पुरुषाला द्या असं मी म्हणत नाही, हे इथेच स्पष्ट करतो.

पुढच्या वर्षी दादाची कंबर धरली. तेल, शेक, पट्टा, सगळं झालं. सहा महिने हाडाच्या नावाने इलाज चालला. एका तरुण डॉक्टरला वेगळी शंका आली आणि त्याने रक्ताची पीएसए तपासणी लिहून दिली, प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजतात ती. जो आकडा साधारणपणे चारच्या आत असावा असं धरतात, तो दादाचा चारशेच्या वर होता. हाडांच्या स्कॅनमध्ये मणक्यावर आणि खुब्यावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. प्रोस्टेटचा कर्करोग, हाडांत उतरलेला. तेव्हा दादा अडुसष्ट वर्षांचा होता.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेच्या भोवती. वय वाढतं तशी बहुतेक पुरुषांची ती फुगते, नळी दाबली जाते, धार बारीक होते. हे साधं वाढणं, कर्करोग नव्हे. कर्करोग बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून लांब. म्हणून सुरुवातीला त्याचा पत्ताच लागत नाही. पुढे तो हाडांकडे जातो, आणि आपण कंबरेला बाम चोळत बसतो. दादाचं रात्रीचं उठणं हे कदाचित साध्या वाढीमुळेच असेल, असं डॉक्टर म्हणाले. पण त्या त्रासासाठी जरी तो वेळेत आला असता तरी तपासताना दुसरं हाती लागलं असतं. हे वाक्य वहिनीसमोर बोलायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

आता तुमच्या खात्याकडे येतो. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी होते, शिवाय तीन कर्करोगांसाठी: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. पुरुषाच्या वाट्याला त्यातलं तोंड आलं. आपल्याकडचा तंबाखू बघता ते हवंच. पण आशाताई घरोघरी जे सीबॅक प्रपत्र (आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली) भरून घेतात त्यात स्त्रियांसाठी प्रश्नांचा वेगळा भाग आहे, पुरुषांसाठी तसा नाही. खोकला विचारतात, अंगावरचे चट्टे विचारतात, तोंड उघडतं का विचारतात. लघवीचं कोणी विचारत नाही.

आणि समजा विचारलंच, तर कोण विचारणार? आशाताई म्हणजे बहुतेक वेळा गल्लीतलीच कोणाची तरी सून. पासष्टीचे काका तिला काय सांगणार आहेत? "सगळं ठीक आहे बेटा, पाणी घे." म्हणून प्रश्न वाढवताना तो विचारणारा पुरुष कार्यकर्ता लागेल, हेही सोबतच मागतो. दोन-तीन प्रश्नच पुरेत. रात्री किती वेळा उठता? लघवीत कधी रक्त दिसलं का? वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता का? शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण वडील किंवा भाऊ असला तर धोका दुपटीच्या पुढे जातो, आणि त्याला लक्षणांची वाट बघण्यात अर्थ नसतो.

आता तुमचे अधिकारी तुम्हाला एक गोष्ट सांगतील, आणि ती खरी आहे, म्हणून मीच सांगतो. पीएसए ही काही सरसकट चांगली तपासणी नाही. साध्या वाढीने, जंतुसंसर्गाने, लघवीची नळी घातल्यानेही आकडा चढतो. शिवाय असे कर्करोग सापडतात जे त्या माणसाला कधीच त्रास देणार नव्हते, आणि मग शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्व, दोन्हींवर घाला येऊ शकतो. युरोपात 1993 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात 23 वर्षांनंतरचा हिशेब असा निघाला की तपासणीला बोलावलेल्या पुरुषांत या रोगाने होणारे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे 456 जणांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने 2012 साली ही तपासणी नकोच म्हटलं होतं. 2018 साली तोच गट म्हणाला की 55 ते 69 वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीनंतर सरसकट करू नये.

म्हणून मैदानात मांडव घालून हजार माणसांचं रक्त काढा, असं मी सांगत नाही. असली शिबिरं फोटोपुरती बरी. आकडा हातात ठेवून माणसाला घरी पाठवणं म्हणजे त्याची झोप घालवणं. मला हवंय ते बोलणं. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार, पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी, समजावणारा एक माणूस, आणि त्यानंतर ज्याला करायची त्याला तपासणी मोफत. आकडा चढा आला तर पुढची वाट त्याच दुपारी चिठ्ठीवर लिहिलेली असावी. आता आधी एमआरआय करतात, तुकडा काढायला लगेच सुई खुपसत नाहीत. सौम्य कर्करोग निघाला तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्यांपैकी 15 वर्षांनी सुमारे 97 टक्के पुरुष या रोगाने दगावलेले नव्हते, मग शस्त्रक्रिया केलेली असो, किरणोपचार असोत, की नुसतं लक्ष ठेवलेलं असो. हे आमच्या लोकांना कोणी सांगितलेलंच नाही. त्यांना वाटतं, तपासणी म्हणजे सरळ ऑपरेशन.

आणखी एक हिशेब, मी बँकेत नोकरी केली म्हणून खुपतो. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतचे उपचार. योजना चांगलीच आहे. यंदा दादाने सत्तरी गाठली आणि ते कार्ड आलं, वहिनीने देवघरात ठेवलं. पण ते कामाला येतं दवाखान्यात भरती झाल्यावर. ज्या वयात तपासण्याचा फायदा, त्या वयात बाहेरच्या लॅबचे काहीशे रुपये माणसाने स्वतःच्या खिशातून द्यायचे. देणाऱ्याला ते जड नसतात, हे मान्य. पण "काही होत नाहीये मग कशाला" म्हणायला तेवढं निमित्त पुरतं.

17 सप्टेंबर 2025 ला पंतप्रधानांनी स्त्रियांच्या आरोग्याचं देशव्यापी अभियान इथून जवळच, धारला सुरू केलं. त्याच धर्तीवर पुरुषांचं करा असंही मी म्हणत नाही (आणि केलंत तर कृपया पुन्हा धारला नको, आमचे टवाळ मित्र त्या नावावरून वर्षभर सोडणार नाहीत). अशा शिबिरांत सोबत आलेल्या पुरुषांसाठी बाहेर एक टेबल मांडा, एवढंच. माणूस आलेला आहे, मोकळा बसलेला आहे, फक्त पर्स धरून आहे.

इंदुरात हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे या शहराने कसं शिकलं? रोज सकाळी गल्लीत गाडी आली, भोंगा वाजला, तेच तेच ऐकून अंगवळणी पडलं, आणि आज स्वच्छतेत सलग आठ वेळा पहिला नंबर आहे. त्या भोंग्यावर सप्टेंबरभर दोन वाक्यं वाजली तर काही बिघडणार नाही. सप्टेंबर हा जगभर या आजाराच्या जागृतीचा महिना असतो. कचऱ्याच्या गाडीवरून लघवीबद्दल बोललेलं काही घरांना रुचणार नाही, पण डबा घेऊन दारात तर सगळेच येतात.

दादाला आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. पुरुषी हार्मोन दाबलं की हा रोग मागे हटतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 1966 चं नोबेल मिळालं. दादाचा आकडा खाली आला आहे. कंबर बरी आहे. घाम फुटतो, चिडचिड होते, वहिनी म्हणते, आता कळलं का माझं त्या वेळी काय होत होतं. रोग बरा होणार नाही, आवरलेला राहील, जितका काळ राहील तितका.

भाऊ म्हणून माझीही तपासणी झाली. पीएसए थोडा चढा होता, एमआरआयमध्ये संशयास्पद काही नाही, वर्षाने पुन्हा. बोटाने तपासतात त्या प्रकाराची मला जी धास्ती होती ती अर्ध्या मिनिटात संपली, कुशीवर वळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचेपर्यंत.

आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा सात जणांचा कंपू आहे. फिरून झालं की ठेल्यावर पोहे. तिथे स्टेंट किती पडले, शुगर किती, कोणाच्या गुडघ्यात काय घातलंय, सगळं शेव-जिरावणासकट चघळलं जातं. गेल्या महिन्यात मी दादाचं आणि माझं सांगितलं. सगळे गप्प झाले, मग कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी फिरताना आमच्यातला एक जण मुद्दाम मागे राहिला, माझ्याबरोबर. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "ती टेस्ट उपाशीपोटी करायची असते का?"

नाही म्हटलं. पोहे खाऊन गेलास तरी चालतं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सुदामा नगर, इंदूर