सर्व सभासदांस सूचना: मोटर आणि पंख्याचा दांडा एका रेषेत असण्याबाबत

येत्या रविवारी पिपलियापाला तलावावर नौका उतरवण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या मॉडेल नौकेतील मोटर आणि पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा एका रेषेत आहेत की नाहीत, हे घरीच तपासून यावे, ही विनंती. मागच्या खेपेस माझीच नौका काठापासून दहा हात जाण्याआधी खरखरू लागली, आणि झाकण काढले तेव्हा कपलिंगचा (मोटर व दांडा यांना जोडणाऱ्या भागाचा) सैल झालेला ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू, दांड्यावर चकचकीत चर पाडून बसला होता.

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकू शकणारे कपलिंग, थोडा कोन सांभाळून घेतो, म्हणून मोटर कशीही बसवली तरी चालते, हा समज चुकीचा आहे. कोन शून्याच्या जितका जवळ, तितकी कंपने आणि बॅटरीवरचा ताण कमी. यासाठी मोटरचा आणि पंख्याचा अशा दोन्ही दांड्यांवर घट्ट बसेल अशी सरळ पितळी नळी कपलिंगच्या जागी तात्पुरती चढवावी, त्याच स्थितीत मोटरची बैठक इपॉक्सीने चिकटवावी, आणि ते पूर्ण कडक झाल्यावरच मोटरचे स्क्रू काढून नळीऐवजी कपलिंग घालावे. पाच मिनिटांच्या इपॉक्सीवर पाचव्या मिनिटाला विश्वास ठेवू नये.

त्यानंतर दांडा हाताने फिरवून पाहावा. पूर्ण फेऱ्यात तो कुठेही अडखळता कामा नये. शक्य असल्यास आधी नुसत्या मोटरचा आणि मग पंख्याविना दांडा जोडून विद्युतप्रवाह मोजावा, व फरक मोठा निघाल्यास बैठक पुन्हा जुळवावी. पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर जातो, त्या नळीत ग्रीस भरलेले असावे. ज्यांच्याकडे जुळवणीसाठीची पितळी नळी नाही, त्यांनी दोन्ही दांड्यांचे व्यास शनिवारपर्यंत कळवावेत.