पोळ्याची तारीख विचारणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, आमचंही नाही. कारण तुम्हाला माहीत आहे.

प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे मायदेशी जिवाला धोका असलेल्यांना मिळणारा आसरा, नाकारल्याचं पत्र घेऊन आम्ही मेलबर्नच्या त्या मोफत कायदा केंद्रात आलो, तेव्हा तुम्ही पत्राआधी मेलची तारीख पाहिलीत. फेरविचाराच्या अर्जाला 28 दिवस, तेही मेल आल्यापासून. आपण तो कधी उघडला याला काही अर्थ नाही, आणि मुदत गेली की फेरविचार करणारं ट्रायब्युनलसुद्धा ती वाढवून देऊ शकत नाही. त्याच संध्याकाळी अर्ज गेला. फी हरलो तरच भरायची, हेही तुमच्याकडूनच कळलं; तोवर आम्ही दागिन्यांचा हिशेब करत बसलो होतो.

मग नकार वाचायला घेतलात. आमचं लग्न आंतरजातीय, तो बौद्ध आणि मी कुणब्याच्या घरची, हे अधिकाऱ्याने मान्य केलं होतं. हल्ला मात्र मानला नव्हता. पोलिसांतली एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, ऑगस्ट 2022 ची आणि आमच्या निवेदनात हल्ला सप्टेंबरचा. मार खाण्याआधीच तक्रार कशी? प्रश्न चोख होता, आणि आम्हाला उत्तर सुचत नव्हतं.

तुम्ही कोल्हापूरकडच्या. तुमच्याकडे आषाढात बेंदूर, म्हणून तुम्ही सहज विचारलंत, "तुमचा पोळा नेमका कधी असतो?" विदर्भातल्या कुणी हे विचारलंच नसतं. आम्ही सगळ्यांना "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" एवढंच सांगत आलो होतो. निवेदन लिहिणाऱ्या एजंटने 2023 मध्ये समोरचं कॅलेंडर बघितलं असणार. त्या वर्षी अधिक श्रावण, पोळा गेला 14 सप्टेंबरला. 2022 मध्ये मात्र श्रावणी अमावास्या ऑगस्टच्या अखेरीला होती. तुम्ही दोन्ही वर्षांची पंचांगं शोधलीत, मुलाखतीचं रेकॉर्डिंग मागवलंत आणि त्यात मी "पोळा" म्हणते ती जागा मिनिटासकट लिहून काढलीत.

नकारातला दुसरा मुद्दा अवघड होता. भारत मोठा आहे, बंगळुरूला जा. कायद्यानुसार धोका देशाच्या सगळ्या भागांत असल्याचं दाखवावं लागतं. विशेष विवाह कायद्याच्या नोटिशीचा कागद 30 दिवस कार्यालयात लावलेला असतो, त्यावरूनच घरी कळलं होतं. पुण्यात भाड्याने राहिलो, तिथे मामा आले. तुम्ही भाडेकरार आणि घरमालकाचं पत्र मागवलंत. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार नकारात होता, की अशा जोडप्यांना संरक्षण मिळतं. तुम्ही म्हणालात, निकालात काय लिहिलंय ते राहू दे, ठाण्यात तुम्हाला काय मिळालं ते सांगा. मिळाली होती एनसी.

एकदा याने सुचवलं, अजून एखादी धमकी घालू या का? तुम्ही पेन खाली ठेवलंत. नवा दावा उशिरा का आला, याचं पटणारं कारण नसेल तर तो उलट आपल्याच अंगावर येतो, हे समजावलंत. पण तुमचा राग कायद्यापुरता नव्हता, एवढं मला तेव्हाच दिसलं. हरलो तर काय, हेही लपवलं नाहीत: 35 दिवसांत कोर्ट, आणि तिथे फक्त कायद्याची चूक तपासतात, कहाणी पुन्हा ऐकत नाहीत. खोटा दिलासा देणारे खूप भेटले होते, ताई. तुमच्या कोरड्या बोलण्यानेच झोप लागायला लागली.

वाट फार पाहिली. मध्येच 14 ऑक्टोबर 2024 ला ट्रायब्युनलच बदललं, जुनं जाऊन प्रशासकीय फेरविचार न्यायाधिकरण आलं. फाइल हरवली की काय म्हणून मी तुम्हाला रात्री मेसेज केला होता. आपोआप गेली, असं उत्तर आलं. एवढंच.

सुनावणीत समोर विरोधी वकील नाही, बघे नाहीत, मराठी दुभाषी तुम्ही आधीच मागितलेला. सदस्यबाईंनी पंचांगाचं पान उलटसुलट पाहिलं आणि अधिक महिना म्हणजे काय ते मलाच विचारलं. मी सांगितलं. सगळा निर्णय नव्याने घ्यायचा असतो, आधीच्या निर्णयावर नुसती सही करायची नसते, हे तुमचं वाक्य त्या दिवशी कळलं.

नकार रद्द झाला, प्रकरण परत खात्याकडे गेलं. आरोग्य आणि चारित्र्याच्या तपासण्या चालू आहेत, व्हिसा अजून हातात नाही.

तुम्ही पैसे घेत नाही. म्हणून हा दर गुरुवारी केंद्रात येऊन झेरॉक्स काढणार आहे, मी चहा बघेन. कायद्याचा सल्ला आम्ही कुणाला देणार नाही, ती परवानगी लागते हे ठाऊक आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
धाकटी बहीण