शिबिरांतल्या दोरांचे वय कोण विचारणार?

महोदय,

उन्हाळी सुट्या लागण्याआधीच नागपुरात साहसशिबिरांची नोंदणी सुरू होते. मुलांना चिखलदरा किंवा पचमढीला नेऊन रॅपलिंग (दोराच्या आधाराने कडा उतरणे) आणि प्रस्तरारोहण शिकवणाऱ्या या शिबिरांबाबत पालक जेवण, मुक्काम, डॉक्टरची सोय आणि शुल्क यांची बारकाईने चौकशी करतात. परंतु ज्या दोराच्या भरवशावर आपले मूल कड्यावरून उतरणार आहे तो दोर कोणत्या साली तयार झाला, हे विचारणारा पालक मला अजून भेटलेला नाही. या छंदात बरीच वर्षे घालवलेला एक नागपूरकर म्हणून मी आपल्या दैनिकाद्वारे याच एका मुद्द्याकडे लक्ष वेधू इच्छितो.

आयोजकांकडे चौकशी केली तर बहुधा असे उत्तर मिळते की, सामान वर्षातून महिनाभरच बाहेर निघते, त्यामुळे ते नव्यासारखेच आहे. हे उत्तर प्रामाणिक असते, पण बरोबर नसते. दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि स्लिंग (पट्टीचे शिवलेले वेढे) हे नायलॉन, पॉलिएस्टर किंवा डायनिमा अशा कृत्रिम धाग्यांचे असतात, आणि हे धागे नुसते पडून राहिले तरी जुने होतात. म्हणूनच बहुतेक उत्पादक अशा साहित्याला, ते एकदाही वापरलेले नसले तरी, निर्मितीपासून साधारण १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. वर्षातून एक-दोनदा वापरल्या जाणाऱ्या दोराला सुमारे ७ वर्षे, महिन्यातून एकदा वापरल्या जाणाऱ्याला सुमारे ५ वर्षे आणि दर आठवड्याला वापरल्या जाणाऱ्याला जेमतेम वर्षभर, असे ढोबळ कोष्टक त्यांच्या माहितीपत्रकांत आढळते. शिबिरांचा हिशेब नेमका येथेच चुकतो. सकाळपासून रांग लावून मुले एकाच दोरावरून, कड्याच्या एकाच काठावर घासत उतरत असतील, तर कागदावर वर्षातून एकदाचा दिसणारा वापर प्रत्यक्षात एखाद्या हौशी आरोहकाच्या अनेक मोहिमांइतका भरतो.

उरलेले महिने हे सामान कोठे असते, हाही प्रश्नच आहे. मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांपर्यंत तापलेल्या या शहरात टिनाच्या छताखालची खोली किती तापते, हे वाचकांना सांगायला नको. केवळ उष्णतेने दोर एका उन्हाळ्यात निकामी होत नाही, हे मान्य. पण धुतलेला दोर गच्चीवर थेट उन्हात वाळत घालण्याची आपल्याकडची सवय त्याला निश्चित महागात पडते, कारण अतिनील किरणे नायलॉनला कमकुवत करतात. त्याहून अधिक धास्ती इन्व्हर्टरच्या बॅटरीची वाटते. जिन्याखालच्या ज्या कोपऱ्यात बॅटरी असते, तोच कोपरा अडगळीच्या सामानालाही सोयीचा पडतो. आणि बॅटरीतील सल्फ्युरिक आम्ल दोराला किंवा हार्नेसला लागले, तर अनेकदा वरून काहीही न दिसता त्याचे धागे कुजतात. आम्लाचा संपर्क झाल्याची नुसती शंका आली तरी ते साहित्य बाद करावे, याबाबत जाणकारांत दुमत नाही.

दोर तपासणे तसे अवघड नाही, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. संपूर्ण दोर वीतवीतभर पुढे सरकवत, डोळ्यांनी पाहत आणि बोटांनी चाचपत जावे लागते. बाहेरचे आवरण थोडे केसाळ झालेले असणे स्वाभाविक आहे. मात्र आवरणातून आतला पांढरा गाभा दिसू लागला, एखाद्या ठिकाणी दोर अचानक मऊ, चपटा किंवा फुगीर लागला, अथवा दुमडून धरल्यावर गोलसर वळण न घेता तेवढ्याच जागी काटकोनात मोडला, तर आतील गाभ्याला इजा झालेली आहे असे समजावे. एका टोकाजवळच असा दोष असेल तर तेवढा भाग कापून उरलेला दोर वापरता येतो, पण मग त्याची नवी लांबी आणि नवा मध्य ठळकपणे नोंदवायलाच हवा. कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) आणि डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारे साधन) धातूचे असल्यामुळे त्यांना वर्षांची अशी मर्यादा नसते. मात्र मातकट दोराने त्यांत खोल खाच पडून तिची कड धारदार झाली असेल, तर तेच साहित्य पुढे दोर कापू शकते.

हार्नेसच्या बाबतीत टॉड स्किनर या नामांकित अमेरिकी आरोहकाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये योसेमिटीतील लीनिंग टॉवर या कड्यावरून उतरताना त्याच्या झिजलेल्या हार्नेसचा बिले लूप, म्हणजे दोराचे साधन अडकवायचा पुढचा पट्टीचा वेढा, तुटला आणि त्याचा मृत्यू झाला. लूप झिजल्याचे त्याच्या साथीदाराने पाहिले होते, आणि नवा हार्नेस मागवलेलाही होता. झीज ठाऊक असताना इतक्या अनुभवी माणसाकडूनही 'एवढे एक काम होऊन जाऊ दे' असे घडत असेल, तर गर्दीच्या शिबिरात सामान बाद करण्याचा निर्णय ऐनवेळी प्रशिक्षकावर सोपवणे योग्य नाही. तो निर्णय आधी लिहिलेल्या नोंदवहीने करावा. प्रत्येक दोराला आणि हार्नेसला क्रमांक असावा, निर्मितीचे साल, पहिल्या वापराची तारीख, प्रत्येक वापर आणि प्रत्येक मोठा झटका लिहिलेला असावा, आणि ज्याचा इतिहास ठाऊक नाही असे सामान फुकट मिळाले तरी घेऊ नये.

आणखी एक प्रथा थांबायला हवी. मोठ्यांच्या चढाईतून बाद झालेला दोर 'मुलांचे वजन तरी किती' असे म्हणत लहानांच्या रॅपलिंगला किंवा नदी ओलांडण्याच्या खेळाला लावला जातो. दोर काही हजार रुपयांचा असल्याने तो टाकताना जीवावर येते, हे समजण्यासारखे आहे; तरीही बाद दोराचे त्याच दिवशी दोन-तीन मीटरचे तुकडे करावेत, म्हणजे ते गाठींच्या सरावालाच उपयोगी पडतील.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. येत्या हंगामापूर्वी संचालनालयाच्या नागपूर विभागाने नोंदणीची कागदपत्रे पाहताना ही नोंदवहीही मागवावी, आणि पालकांनी शुल्क भरण्याआधी ती दाखवण्याची विनंती आयोजकांना करावी. ज्यांच्याकडे ती आहे, ते ती आनंदाने दाखवतील.

आपला,
एक प्रस्तरारोहणप्रेमी वाचक,
धरमपेठ, नागपूर