तिकालच्या जंगलातल्या दादा-ताईंचे आभार

ग्वाटेमालातल्या तिकालला, माया लोकांच्या प्राचीन शहरात, सुमारे 65 मीटर उंच चौथ्या मंदिराचा लाकडी जिना उतरताना आईचा पाय मुरगळला. आम्हाला स्पॅनिशचा गंध नाही. तरी रखवालदार दादा, तुम्ही तिला धरून एकेक पायरी खाली आणलंत. आणि ताई, तुम्ही डोक्याचा रुमाल सोडून तिच्या घोट्याला घट्ट बांधलात. वाटेत दादांनी एका खोडावरच्या जुन्या तिरप्या खाचा दाखवल्या. चिकूचं झाड! च्युइंगगमच्या चिकासाठी घातलेल्या खाचा. इथल्या मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया याच लाकडाच्या, बाराशेहून जास्त वर्षं टिकलेल्या. आई मूळची घोलवडची, चिकूच्या वाडीत वाढलेली. दुखणं विसरून ती त्या खोडावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. तुमचे मनापासून आभार. आई आता छान चालते, आणि तो रुमाल तिने धुऊन जपून ठेवलाय.