यादीतून गायब झालेले सभासद

प्रिय पक्या,

इतके दिवस पत्र नाही, फोन नाही, काय शिव्या द्यायच्या त्या दे भो. तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच. आता मुद्द्याचं, कारण हे घरी सांगायची सोय नाही, बायको म्हणते जेवताना कॉम्प्युटर नको.

आपला तो सभासद-पावती रिपोर्ट, म्हणजे कुठल्या सभासदाने कधी माल दिला त्याच्या पावत्यांचा. साहेबांना ऑगस्टमध्ये कुणाची केळी आलीच नाही ते बघायचं होतं, म्हणजे यादीत सगळे सभासद पाहिजेत, पावती असो नसो. नवीन पोराने क्वेरीत लेफ्ट जॉइन लावला (सभासदांना पावत्या जोडायच्या, पावती नसली तरी सभासद यादीत राहतो), इथपर्यंत शहाणा, आणि ऑगस्टची अट टाकली खाली व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या चाळणीत. झालं! पावती नाही त्याच्या तारखेत नल, म्हणजे काहीच नाही, नलची तुलना कशाशीही करा ती खरी ठरत नाही, व्हेअरने त्या ओळी गाळल्या, लेफ्ट जॉइन नावापुरता, आतून इनरच, जुळेल तेवढंच ठेवणारा. जे शोधायचे होते नेमके तेच गेले. एरर नाही, क्विंटलची टोटलसुद्धा बरोबर, मग संशय कुणाला येणार?

मी म्हटलं अट ऑनमध्ये घे, जोडताना काय जुळवायचं ते लिहितात तिथे. त्याने व्हेअरमध्येच 'किंवा तारीख नल' जोडलं. ज्यांनी कधीच माल दिला नाही ते परत आले, पण रावेरकडचे आपले काका गायबच! त्यांची जुलैची पावती आहे ना, ती जॉइनला जुळते, मग नल येतो कुठून, आणि जुलै काही ऑगस्टच्या अटीत बसत नाही. पोरगा म्हणतो डेटाच खराब. हॉस्टेलवर तू पण असाच भांडायचास, ऑन काय नि व्हेअर काय, सारखंच. इनर जॉइनला सारखंच रे, ते मी तेव्हाच मान्य केलेलं, मेसचे पैसे मात्र तू अजून दिले नाहीस.

त्यात साहेबांना आता प्रत्येकाची शेवटची पावती पण हवी. ती क्वेरी तुझ्याच काळातली, ओरॅकल डेटाबेसचा कंसातला प्लस वाली, तो प्लस म्हणजे लेफ्टसारखाच आउटर जॉइन. पोराने प्लस लावलेली तारीख थेट मॅक्सच्या, म्हणजे सगळ्यात शेवटची तारीख काढणाऱ्या, सबक्वेरीशी (आतल्या क्वेरीशी) जोडली, लगेच एरर ओआरए-०१७९९, सबक्वेरीशी आउटर जॉइन होत नाही म्हणून. तर पठ्ठ्याने प्लसच काढला! एरर गेली, माणसं पण गेली. शेवटी मीच फ्रॉममध्ये, टेबलांची नावं असतात तिथे, सभासदवार मॅक्स तारखेची सबक्वेरी बांधली आणि तिला आउटर जॉइन केलं, तेव्हा कधीच माल न दिलेले पण दिसले.

पण पहिली यादी साहेबांनी वर पाठवून दिलीय रे, 'एकूण एक सभासद माल देतो' असं लिहून. ते खोटं आहे हे सोमवारी मीटिंगमध्ये मी सांगायचं, आणि पोरगा साहेबांचा भाचा.

तुझं प्रमोशन झालं म्हणे, मजा आहे. वहिनींना नमस्कार, छोटीची दहावी ना यंदा? थंडीत या सगळे, भरीत नि कळण्याची भाकरी करू. रविवारी रात्री फोन कर, साहेबांशी काय बोलायचं ते ठरवू.

तुझा,
बाळ्या