पहिला चार बाय पाचचा कॅमेरा निवडून दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मडगावच्या तुमच्या जुन्या स्टुडिओत तीन रविवार बसवून घेऊन तुम्ही आम्हाला चार बाय पाच इंचांचा शीट फिल्मचा, म्हणजे फिल्मचे सुटे ताव एकेक करून वापरणारा, कॅमेरा कसा निवडायचा ते शिकवलंत. त्याचे आभार तोंडी मानून भागणार नाही, म्हणून हे उघडं पत्र. गोव्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात आणखी काही जण हा पहिला कॅमेरा शोधताहेत. तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही हाती पडावं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठला कॅमेरा चांगला, असं विचारल्यावर तुम्ही एकाही कंपनीचं नाव घेतलं नाहीत. "चित्र कशाचं काढणार, आणि तिथवर चालणार किती?" एवढंच विचारलंत. पुढचा सगळा निवाडा त्या एका प्रश्नानेच केला.

पणजीच्या फोंतेन्हासच्या गल्लीत घरासमोर मागे सरकायला मिळतात फार तर आठ मीटर. तेवढ्या अंतरावरून 90 मिमीच्या लेन्सने, फिल्म उभी आणि कॅमेरा लेव्हलला ठेवून, लेन्सच्या वर साधारण 5.3 मीटरपर्यंतचंच घर चित्रात येतं. कौलं कापली जातात. कॅमेरा वर वळवावा तर भिंती आत झुकतात. लेन्सची चौकट नुसती 20 मिमी वर सरकवली की तीच मर्यादा 7.1 मीटरवर जाते आणि भिंती सरळ राहतात. हा हिशेब तुम्ही जुन्या बिलबुकाच्या पाठीवर मांडून दाखवलात. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

त्याच कागदावर दुसरा हिशेब आहे, आणि नवखा माणूस फसतो तो तिथेच. चार बाय पाचच्या फिल्मवर प्रत्यक्ष चित्र साधारण 96 बाय 120 मिमीचं येतं, त्याचा कर्ण 154 मिमी. म्हणजे लेन्सने टाकलेलं प्रकाशाचं वर्तुळ निदान तेवढं हवं. चौकट 20 मिमी वर गेली की लागतात 187 मिमी. एफ/6.8 ची जुनी 90 मिमी अँग्युलॉन लेन्स जेमतेम कर्णापुरती पुरते. चौकट हलवली की कोपरे काळे. एफ/8 ची सुपर अँग्युलॉन 216 मिमीचं वर्तुळ देते. नावात फरक एका शब्दाचा, आकाराने आणि वजनाने मात्र दुसरी बरीच मोठी. घरं, देवळं, चर्च काढायची असतील तर दुसरीच घ्या, हा तुमचा सल्ला आम्ही पुढे सगळ्यांना देतो.

क्राउन ग्राफिकबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते एरवी कोणी सांगत नाही. हा अमेरिकन प्रेस कॅमेरा दणकट आहे, दुमडला की डब्यासारखा बंद होतो, आणि पहिला कॅमेरा म्हणून हमखास सुचवला जातो. पण त्याची पुढची चौकट मागे झुकते, पुढे झुकत नाही, आणि फिल्मची बाजू तर जागची हलत नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बांधावर उभं राहून पायाजवळच्या चिऱ्यापासून लांबच्या माडांच्या बुंध्यांपर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल, तर चौकट पुढेच झुकवावी लागते. बेड म्हणजे चौकटीखालची फळी खाली पाडून ते जमवता येतं, पण मग लेन्सही खाली उतरते, ती परत वर चढवायची, आणि तोवर मानसाच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, पाण्यावरचा उजेड निघून जातो. हातात धरून माणसांची चित्रं काढणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. बांधावर जाणाऱ्याने नको.

आणि चौकट झुकवायची किती? जमिनीपासून दीड मीटरवर 150 मिमीची लेन्स असेल आणि पायाखालची सपाट जमीन फोकसमध्ये हवी असेल, तर सहा अंशसुद्धा लागत नाहीत. नवखा पंधरा-वीस अंश झुकवतो आणि मग माडांचे शेंडे पुसट का आले म्हणून डोकं खाजवत बसतो. शेंडे त्या झुकलेल्या पातळीच्या फार वर जातात, म्हणून. आधी थोडं झुकवायचं, जवळचं-लांबचं भिंगाने तपासायचं, मग उरलेलं काम लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/22 पर्यंत मिटून सावरायचं, हा क्रम तुम्हीच लावून दिलात.

मोनोरेल, म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेला कॅमेरा, स्वस्तात मिळतो आणि हालचाली त्याच्याइतक्या कोणाला नाहीत, पण तो दुमडत नाही. नेत्रावळीच्या रानात सावरीच्या धबधब्यापर्यंत तो खांद्यावर नेणारा माणूस पुढच्या खेपेला कॅमेरा घरीच ठेवेल, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. टोयो 45ए किंवा लिनहोफ टेक्निकासारखा धातूचा फोल्डिंग कॅमेरा अडीच-पावणेतीन किलोचा. इन्ट्रेपिडसारखा लाकडी हलका कॅमेरा सव्वा किलोच्या आसपास. त्यावर लेन्स, फिल्म भरायचे सहा होल्डर म्हणजे किलोभर, आणि तिपाई. समुद्रावरच्या वाऱ्यात हलकी तिपाई थरथरते, म्हणून वजन कॅमेऱ्यात वाचवा आणि तिपाईत घाला, असं तुम्ही सांगितलंत.

पैसे कुठे घालायचे, यावर तुमचं मत ठाम होतं: लेन्सवर आणि शटरवर. सुरुवातीला 150 मिमी, एफ/5.6, कोपाल 0 शटरमधली एकच लेन्स. सिमार-एस, निक्कोर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू यांतली कुठलीही, काच स्वच्छ असली की झालं. शटर तपासायची तुमची रीत अशी: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, एक सेकंदावर शटर दहा वेळा सोडायचं आणि मोबाइलवर आवाज टिपून सुरुवातीच्या आणि शेवटच्या 'टिक' आवाजामधलं अंतर मोजायचं. एक सेकंदाचा 1.3 सेकंद भरला तर तो साधारण एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दहाही वेळा तेवढाच येत असेल तर चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याला चिकटवा, चालेल. पहिल्यांदा दोन सेकंद, मग दीड, मग एक असं होत असेल तर आतलं वंगण वाळलं आहे. अशा शटरमध्ये तेल सोडायचं नाही. ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. ते उघडून साफच करावं लागतं, आणि तो खर्च किमतीत धरूनच सौदा करायचा.

बुरशीसाठी लेन्स समोर धरून मागून तिरपा टॉर्च मारायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले आणि ते दोन काचांच्या मध्ये असले तर लेन्स परत. गोव्याच्या हवेत ती वाढतच जाते, आणि एकदा कोटिंग खाल्लं की पुसून काही होत नाही.

बेलोज म्हणजे कॅमेऱ्याचा भाता. अंधाऱ्या खोलीत तो पूर्ण ताणून आत टॉर्च धरायला लावलात तेव्हा घड्यांच्या कोपऱ्यांवर तीन बारीक चांदण्या लुकलुकल्या. भोकं बहुधा कोपऱ्यांवरच पडतात, कारण दुमडताना कापड तिथे सर्वांत जास्त मोडतं. एक-दोन असतील तर काळ्या फॅब्रिक पेंटने बुजतात, ओळीने असतील तर भाताच बदलायचा. लांबीही मोजायची: 150 मिमीच्या लेन्सने वस्तू आहे त्याच आकारात काढायची तर 300 मिमी ताण लागतो आणि एक्स्पोजर चौपट, म्हणजे दोन स्टॉप. उलट 90 मिमीला भाता इतका आवळला जातो की जुना ताठर भाता चौकट वर सरकूच देत नाही. हे दुकानातच करून बघायचं.

लेन्सबोर्डाची, म्हणजे लेन्स ज्या पट्टीवर बसवतात तिची, निवड आधी करायची, हेही तुमच्याकडूनच कळलं. टेक्निका पद्धतीचा 96 बाय 99 मिमीचा बोर्ड बऱ्याच कॅमेऱ्यांना चालतो, म्हणून उद्या कॅमेरा बदलला तरी बहुधा बोर्ड तेच राहतात. कोपाल 0 साठी भोक 34.6 मिमी, कोपाल 1 साठी 41.6.

ग्राउंड ग्लासपासून, म्हणजे ज्या खरबरीत काचेवर फोकस बघतात तिच्यापासून, होल्डरमधल्या फिल्मपर्यंतचा हिशेब मात्र डोळ्यांना दिसत नाही. होल्डरच्या तोंडापासून फिल्म 5 मिमी आत असते, आणि काचेची खरबरीत बाजू नेमकी तेवढ्याच आत हवी. कोणी काच उलटी बसवली, किंवा ग्राफिकमध्ये काचेच्या पुढे असलेली फ्रेनेल, म्हणजे चित्र उजळ दिसण्यासाठीची सपाट भिंगपट्टी, काढून टाकली, की फोकस सरकतो. जमिनीवर मोजपट्टी तिरपी पसरून, मधल्या आकड्यावर फोकस करून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक शीट खर्च करायची. दुसराच आकडा धारदार आला तर दोष काचेचा.

पावसाळ्याबद्दलचे तुमचे शब्द आम्ही पाठ केले आहेत. लाकूड फुगून फोकसची सरकपट्टी अडली तर तेल नको, मेण घासायचं. एसी गाडीतून उतरल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. दमट हवेत फिल्म होल्डरमध्ये फुगते, म्हणून डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरची झाकणपट्टी, काढल्यावर मिनिटभर थांबायचं. शीट भरताना कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे इमल्शन (प्रकाश टिपणारी बाजू) आपल्याकडे. स्लाइडची पांढरी बाजू बाहेर असेल तर फिल्म कोरी. भरायची जागा बाथरूम, आधी पाणी सोडून धूळ बसवून घेतलेली, पंखा बंद.

तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळात मंडपाच्या आत उजेड इतका कमी की सेकंदांत मोजावा लागतो. लांब एक्स्पोजरला फिल्म मंद पडते, म्हणून मीटर दहा सेकंद म्हणत असेल तर एचपी5 फिल्मला वीस, फोमापॅन 100 ला ऐंशी. स्वस्त म्हणून फोमापॅन घेणाऱ्याने हा आकडा आधी बघावा. आणि पुरातत्त्व खात्याच्या जागी तिपाई लावायची तर परवानगी आधी घ्यावी, हे तुम्ही दर रविवारी बजावलंत.

काका, तुम्ही वापरायला दिलेला 34.6 चा बोर्ड अजून आमच्याकडेच आहे. येत्या रविवारी तो आणून देतो, सोबत सुर्ल्याच्या दोन निगेटिव्ह. लाइट बॉक्सवर ठेवून वरचे कोपरे तुम्हीच भिंगाने तपासा.

तुमचे कृतज्ञ,
रविवारची मंडळी