दोऱ्याच्या आजींना

काकू,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. माझी मुलगी तुम्हाला ‘दोऱ्याच्या आजी’ म्हणते आणि घरात आता तेच नाव पक्कं झालंय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मैदानावर येणाऱ्यांपैकी कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोचवेल.

पहिले आभार माझा दंड धरल्याबद्दल. मी आमचं छोटं मॉडेल रॉकेट उडवायचं बटण दाबलं, काहीच झालं नाही, आणि मी तसाच रॉकेटकडे निघालो. तुम्ही लगबगीने येऊन मला थांबवलंत. “आधी बटणाची किल्ली काढा. आता एक मिनिट कुणी हलायचं नाही.” ते मिनिट तुम्ही घड्याळात बघून मोजलंत. इग्नायटर, म्हणजे पेटवणारी तार, मोटरच्या (रॉकेटच्या इंधननळीच्या) तोंडातून खाली सरकला होता, इतकंच निघालं. पण आत काही धुमसत असतं तर मी नेमका त्यावर वाकलेलो असतो, आणि मुलगी माझ्या मागोमाग आलीच असती. त्या रात्री डोळे मिटले की मला तेच दिसत होतं.

नंतर रॉकेट सुटलं, ज्याच्या आधाराने उभं होतं तो रॉड सोडला, आणि वर जायचं सोडून हवेत कोलांट्या घेत गवतात आदळलं. पॅराशूट जमिनीवर उघडलं. एक पंख मोडला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही रॉकेट उचलून नळी एका बोटावर तोलून पाहिलीत आणि मला विचारलंत, “नाकात क्ले भरली होती का?”

भरली नव्हती. किटमध्ये वजनासाठी या मऊ मातीचा गोळा होता, सूचनापत्रात चित्रही होतं. वजन जितकं कमी तितकं रॉकेट उंच जाईल असं धरून मी तो वगळला होता, आणि पंखांवर मात्र रंगाचे तीन हात चढवले होते. म्हणजे नाक हलकं, शेपूट जड. तुम्ही हे चूक म्हणून नाही सांगितलंत. वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून मुलीला दाखवलंत: हा गुरुत्वमध्य, रॉकेट याच्याभोवती फिरतं, हे दाबकेंद्र, हवेचा रेटा इथे लागतो. गुरुत्वमध्य निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे, नाकाकडे हवा, म्हणजे रॉकेट जरा कललं तरी वारा शेपटीला ढकलून त्याला सरळ करतो. अकरा वर्षांच्या मुलीला ते कळलं, आणि तिच्याबरोबर मलाही.

पंख नवा कापताना बाल्साच्या हलक्या लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा, हेही तुमचंच. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, दाबून पुन्हा सुटं करायचं, जरा चिकट होऊ द्यायचं आणि मगच कायमचं बसवायचं. तो पंख आता नळीतून उगवल्यासारखा बसलाय.

पुढच्या रविवारी तुम्ही पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलंत. मोटर, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून घालायचा कागद), घडी केलेलं पॅराशूट, सगळं आत भरायला लावलंत, कारण तोल उडतानाचा बघायचा, रिकाम्या नळीचा नाही. गुरुत्वमध्याशी दोरा बांधून रॉकेट आडवं टांगलंत आणि मुलीला ते डोक्यावरून गरगर फिरवायला सांगितलंत. ते वेडंवाकडं झालं. चिमूटभर क्ले, दोऱ्याची गाठ थोडी पुढे, पुन्हा फेरा. आणखी चिमूटभर. चौथ्यांदा नाक पुढे करून ते सरळ फिरत राहिलं. तुमचे हात पूर्ण वेळ पाठीमागे होते. तुम्ही स्वतः पाच मिनिटांत केलं असतं ते काम तुम्ही तिला पाऊण तास करू दिलंत. माझे सगळ्यात मोठे आभार त्या पाऊण तासाचे आहेत.

मधे बसलो असताना तुम्ही ऑरव्हिल कार्लाइलची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेतला हा बुटांचा दुकानदार, शोभेच्या दारूकामाचा नादी. त्याने १९५४ मध्ये भावासाठी पहिलं मॉडेल रॉकेट केलं. पोरं घरी इंधन कालवून हात पोळून घेत होती, त्यांच्यासाठी तयार, एकदाच वापरायची मोटर हा केवढा मोठा उपाय होता, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

मोटर तीच, ए८-३. आठ न्यूटन सरासरी रेटा, मग तीन सेकंदांची उसंत, मग पॅराशूट. आम्ही पाच मीटर मागे. या खेपेला ते सणसणत सरळ वर गेलं, पांढऱ्या धुराची रेघ सोडत. मुलगी ५० मीटरवर कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभी होती. कोन आला ५५ अंश, म्हणजे उंची साधारण ७१ मीटर. तिने तो हिशेब आरशाशेजारी चिकटवलाय. पॅराशूट उघडलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसत्या वर बघत राहिलात. मला तो चेहरा आठवतो.

काकू, तुमचं रीळ आमच्या खोक्यातच राहिलंय. पुढची मोटर बी६-४ आणली आहे, आणि ती पेटवण्याआधी मुलगी पुन्हा फेरा मारून बघणार आहे. रीळ घेऊन आम्ही रविवारी सकाळी तिथेच असू.